अंतर आणि अंतरणे

मुंबई ते मॉरिशस हे हवाई अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर भरते. सहारचा विमानतळ आणि प्लेझान्सचा सर शिवसागर रामगुलाम विमानतळ यांना जोडणारी पृथ्वीगोलावरील सर्वांत आखूड रेषा ती एवढी. थेट विमान ती साधारण सहा तासांत कापते. विषुववृत्त वाटेच्या जवळजवळ मध्यावर येते, आणि मुंबईचा किनारा सुटला की बेट दिसेपर्यंत खाली बहुतेक पाणीच. मॉरिशसचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असल्याने जाण्याचा प्रवास वेळापत्रकात साडेचार तासांचा भासतो, परतीचा साडेसात तासांचा. (लंडन-न्यूयॉर्क मार्गावर वाऱ्यांमुळे जाण्या-येण्याच्या वेळेत खरोखरीच फरक पडतो, येथे मार्ग बराचसा दक्षिणोत्तर, त्यामुळे फरक मुख्यतः घड्याळाचाच.)

ही आकडेमोड आम्हांला अपुरी वाटते ती मराठीमुळे. मराठीत अंतर नुसते मोजले जात नाही. ते माणसांत पडते, आणि 'अंतर देऊ नका' अशी विनवणीही करावी लागते. त्याहून कठोर क्रियापद 'अंतरणे'. सासुरवाशीण माहेराला अंतरते, लेकरू आईला अंतरते. त्यात किलोमीटर किती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

१८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांवर हिंदी मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसे होती. शिडाच्या जहाजाला तेव्हा कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, आज ज्याला आप्रवासी घाट म्हणतात तेथे, प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. करार संपल्यावर काही परतले, बहुतेक तिथलेच झाले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपून ठेवल्या आहेत: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव. लिपी रोमन, आणि गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे. साहित्याच्या अभ्यासकाने पाठभेद म्हणजे काय ते येथे येऊन शिकावे, असे आम्हांला वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील चर्चासत्राला तिकडचे एक मराठी प्राध्यापक आले होते. गणेशचतुर्थीला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात, हे ते अभिमानाने सांगत. घरात मात्र क्रिओल. पणजोबांचा क्रमांक त्यांना तोंडपाठ होता. गावाचे नाव नव्हते. नोंदीतली पाच रोमन अक्षरे त्यांनी आमच्यापुढे ठेवली. आम्ही चौघे-पाच जण नकाशा घेऊन बसलो, आणि त्या अक्षरांत बसतील अशी तीन गावे निघाली. तिन्ही दोन शेजारच्या तालुक्यांतली.

मुंबईहून रत्नागिरीला किती वेळ लागतो, असे त्यांनी विचारले. रेल्वेने सहा-सात तास, आम्ही म्हटले. तीन नावांचा तो कागद घडी घालून खिशात ठेवीत ते म्हणाले, "म्हणजे विमानाइतकेच की हो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते गेले.