सहा खाडे

आमच्या गागोद्याच्या घरात सगळ्यांत कमी बोलणारा आणि तरीही सगळे ज्याचं मुकाट ऐकतात, असा एकच जण आहे. तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. नाव कालनिर्णय. घराणं १९७३चं, जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं. दिवाळीच्या सुमाराला वारस घरात येतो आणि एक जानेवारीला गादीवर बसतो. खिळा मात्र आजोबांच्या वेळचा आहे.

अंगानं तो फार दिवस देखणा राहत नाही. श्रावण येईस्तोवर खालचा कोपरा तेलकट होतो, एकादशीवर आईचं हळदीचं बोट उमटतं. गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल असते, तीही बोटभर उरलेली. पुढून तो घरातल्या बायकांचा: चतुर्थीचा चंद्रोदय, गॅस कधी लावला, दुधाचे खाडे. मागून तो दादाचा. पाककृतींपासून राशिभविष्यापर्यंत जे छापलं असेल ते दादा सकाळचा चहा पिताना उभ्यानं वाचतो. त्यामुळे आईला तारीख हवी असते तेव्हा नेमकं पान उलटं असतं.

गेल्या श्रावणात वहिनी त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मला मुन्नारला जायचंय. चहाचे मळे बघायला."

"परसात गवती चहा आहे की," दादा म्हणाला.

"ते गवत आहे. मला झुडूप बघायचंय. डोंगरभर."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कधी जायचं ते त्याला विचारा."

त्याचा एक स्वभाव आहे. तो कधी नाही म्हणत नाही, पान उलटा म्हणतो. वहिनीनं सरलेले महिनेही उलटून पाहिले, यंदा नाही तर पुढच्या वर्षी म्हणून. जूनमध्ये मृग आणि पेरणी. जुलै लावणीचा, गुडघाभर चिखलातला पाय आगगाडीत ठेवणार कोण? ऑगस्ट-सप्टेंबर गणपतीचे. पेण तालुक्यात गणपती हा वर्षभराचा उद्योग आहे. वहिनीच्या माहेरी मूर्ती रंगवतात, तेव्हा त्या दिवसांत तिचाच पाय घराबाहेर निघायचा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, झोडणी, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार. पुढे शेंगा भरल्या की पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वर जाळ, आणि भोवती न बोलावता जमलेलं अर्धं गाव. मार्चात शिमगा. एप्रिल-मे पोह्याच्या पापडांचे, आंब्यांचे, लग्नांचे आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे.

बारा पानं झाली. लाल आकडे पुष्कळ सापडले, पण आमच्याकडे तारीख जितकी लाल तितकं चुलीपाशी काम जास्त.

दादानं मग नेहमीचा दाखला काढला. गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ला ते इथे जन्मले. भूदानासाठी ते वर्षानुवर्षं देशभर चालले, १९५७ साली केरळातही. ना तिकीट, ना खोलीचं भाडं. प्रवासाचा विषय निघाला की दादाला विनोबा आठवतात, कारण त्यात खर्च नाही.

"मग तुम्ही चालत या," वहिनी म्हणाली. "मी नेत्रावती एक्स्प्रेसनं पुढे होते."

इकडची पानं भरलेली निघाली, तशी तिकडची चौकशी सुरू झाली. तेव्हा कळलं की मुन्नारच्या डोंगरालाही आपलं कॅलेंडर आहे आणि तेही आमच्याइतकंच भरगच्च. जूनपासून तिथे नैर्ऋत्येचा पाऊस, तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबरात ईशान्येचा. फेब्रुवारी-मार्चात एरविकुलमचं राष्ट्रीय उद्यान साधारण बंद असतं, कारण नीलगिरी ताहर या रानशेळ्या तेव्हा वितात. नीलकुरिंजीनं तर आमच्या खिळ्यावरच्या गृहस्थांची पंचाईतच केली. ती आपल्या कारवीची बहीण. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, ही बारा वर्षांनी. २००६ला फुलली, २०१८ला फुलली, आता २०३०. बारा पानांच्या माणसाला बारा वर्षांपुढचं विचारलं तर तो काय सांगणार?

तिथल्या एका पुराचं नाव '९९चा पूर' असं दादानं वाचलं आणि तो १९९९ धरून बसला. पूर आला होता १९२४ साली. मल्याळी कोल्लम शकाचं ते १०९९वं वर्ष. मुन्नारला तेव्हा चहा वाहून नेणारी छोटी आगगाडी होती, कुंडला खोऱ्यातली. त्या पुरानं ती कायमची नेली. आईनं कालनिर्णयावरच्या शकाच्या आकड्याकडे एकदा पाहिलं. परक्या मुलखातही साल मोजायची आपापली रीत असते, याचं तिला बरं वाटलेलं दिसलं.

आणि चहा? ते झुडूप मुळात झाड आहे. सोडून दिलं तर चांगलं उंच वाढेल. छाटून छाटून कमरेएवढं ठेवलेलं असतं. वाढीच्या दिवसांत दोन पानं आणि एक कळी खुडून मजूर बायका पुढे सरकतात, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपापाशी येतात. वहिनी हे मोबाईलवरून वाचून दाखवत होती. आई ऐकत होती.

"म्हणजे आपल्या लावणीसारखंच," ती म्हणाली. "फक्त संपत नाही."

वहिनी क्षणभर गप्प झाली. मळ्यांचे फोटो पाहताना हिरव्या उतारावरचे ते रंगीत ठिपके तिला आतापर्यंत फुलांसारखे वाटत होते.

शेवटी फट सापडली ती मार्गशीर्ष आणि पोपटी यांच्या मधली: जानेवारीचा पहिला आठवडा. थंडी कडक असते, एखाद्या पहाटे तिथल्या गवतावर हिमही पडतं, पण पाऊस नाही. मात्र ही तारीख खिळ्यावरच्या गृहस्थांच्या राज्याबाहेरची होती. त्यांची सत्ता ३१ डिसेंबरला संपते. तरी म्हाताऱ्यानं शेवटचं काम चोख केलं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं; ३ जानेवारीपासून मागे मोजत वहिनीचं बोट ४ नोव्हेंबरवर आलं, आणि तिथे पेन्सिलीची फुली पडली. त्या दिवशी सकाळी आठला कापणीला निघालेले चौघे अंगणात मोबाईलभोवती कोंडाळं करून उभे राहिले. तिकिटं मिळाली. गागोद्याहून उलटं पनवेलला जायचं, गाडीत बसायचं आणि पेण-रोह्यावरूनच परत दक्षिणेला. दुसऱ्या दिवशी एर्नाकुलम, तिथून घाटानं सव्वाशे-दीडशे किलोमीटर वर.

वारस आला होताच. त्याचं पहिलं पान कोरं, कोपरे ताठ, कागदाला अजून दुकानाचा वास. चहाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून वहिनीनं आधी ५ तारखेचा वार पाहिला. सोमवारच निघाला. संग्रहालय मंगळवारवर गेलं. मग तिनं पेन्सिल जुन्याच्या गळ्यातून सोडवून नव्याच्या गळ्यात बांधली, आणि ३ तारखेपाशी थांबली. 'मुन्नार' लिहावं की 'प्रवास'? चौकोन केवढासा, त्यात तिथी, नक्षत्र, आधीच दाटी.

"दूधवाल्याला सांगायला हवं," आई मागून म्हणाली.

वहिनीनं ३ ते ८ अशा सहा चौकोनांत सहा फुल्या मारल्या. आमच्या घरात फुलीचा अर्थ एकच: आज दूध नको.

"तीन तारखेच्या सकाळच्या चहाला?" दादानं विचारलं.

"गवती चहा," वहिनी म्हणाली. "बिनदुधाचा."