खालची पट्टी

इंदिरानगरात राहायचं तर ‘स्टार्टअप’ हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकायची तयारी ठेवावी लागते. शंभर फुटी रस्त्यावरच्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर कोणीतरी कोणाला तरी स्लाइड्स दाखवत असतंच. आमचा राहुल द्रविडसुद्धा २०२१ मध्ये गाडीच्या छतातून बाहेर येऊन ‘इंदिरानगर का गुंडा’ म्हणून ओरडला, तो क्रेड नावाच्या अशाच एका कंपनीच्या जाहिरातीत. (त्याच्या घरी मराठी बोलतात याचा इथल्या आम्हा मराठी मंडळींना उगाचच अभिमान.)

मला मात्र उद्योजक म्हटलं की टीव्हीवरचा एक माणूस आठवतो. गोविंदराज एथिराज. तो मुंबईत काम करणारा, इथला नव्हे. आमच्या घरात तो आला बाबांमुळे.

बाबा बेळगावला बँकेत होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि दिवाणखान्यात धंद्याच्या वाहिन्या सुरू झाल्या. बाजार उघडायच्या आधी आंघोळ, पूजा, इडली सगळं उरकलेलं. मग समोर टीव्ही, मांडीवर वही. बोलणाऱ्या माणसापेक्षा त्यांचं लक्ष खालून सरकणाऱ्या भावांच्या पट्टीकडे जास्त. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर जाऊन आला आणि ऑक्टोबरात ८,००० च्याही खाली गेला. मधल्या काळात कुठल्याशा वाहिनीवरच्या कुठल्याशा सल्लागाराचं ऐकून बाबांनी निवृत्तीच्या पैशातला बराच भाग घालवला. किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वही मात्र कपाटात गेली ती गेलीच.

तरी टीव्ही बंद झाला नाही. एथिराज त्यांना आवडत असे. ‘हा ओरडत नाही, आणि घ्या-विका सांगत नाही,’ हे बाबांचं प्रमाणपत्र. वर्तमानपत्रांतून सीएनबीसी-टीव्ही१८ मध्ये गेलेला हा पत्रकार २००८ साली रॉनी स्क्रूवालांच्या गटाच्या यूटीव्हीआय या नव्या वाहिनीचा पहिला संपादक होता. पुढच्याच वर्षी ब्लूमबर्गशी करार होऊन तिचं नाव ब्लूमबर्ग यूटीव्ही झालं. बाजार कोसळत असताना बाजाराची वाहिनी काढणं म्हणजे ऐन पावसात पतंगाचं दुकान मांडणंच. हा धंदा मला कधी पटला नाही. सकाळी नऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत दर मिनिटाला काहीतरी घडतंय असं भासवावं लागतं, आणि बहुतेक मिनिटांत काही घडत नसतं. ती पोकळी सल्लागार भरून काढतात. त्यांचा स्वतःचा त्या शेअरमध्ये हात अडकलाय का, हे उघड करण्याचे सेबीचे नियम २०१४ साली आले. बाबांची वही तोवर बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

या माणसाने पुढे जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या वाहिनीचा चेहरा असलेली माणसं सहसा दुसऱ्या मोठ्या वाहिनीत जातात. याने २०११ मध्ये इंडियास्पेंड सुरू केलं. ना नफा तत्त्वावरचं, सरकारी आकडेवारी वाचून बातमी लिहिणारं. शेअरचे भाव नाहीत, तर आरोग्य, शिक्षण, शेती, सरकारी खर्च. २०१४ मध्ये फॅक्टचेकर आलं, नेत्यांची विधानं तपासणारं. पिंग डिजिटल नावाची कंपनीही होती. तिच्या छत्राखाली पाककृतींची यूट्यूब वाहिनी निघाली आणि बूमही. मला त्या पाककृतींचं हसू यायचं. पण पीठ मळण्याचे व्हिडिओ कोणालाही हवे असतात, आणि खोटं उघडं पाडण्याला गिऱ्हाईक मिळत नाही, हे एव्हाना मलाही कळलंय.

ते कळलं २०१८ च्या मे महिन्यात. मुलं पळवणारी टोळी शहरात शिरल्याचा व्हिडिओ आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला: मोटरसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो टाकला होता बाबांनी. खाली इस्त्रीवाल्याकडे उत्तरेकडचा एक नवा पोरगा आला होता, त्याच्याबद्दल लगेच कुजबुज सुरू झाली. त्याच महिन्यात चामराजपेटमध्ये जमावाने राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला ठार मारलं.

व्हिडिओ कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात; तो शेवट कोणीतरी कापला होता. बूमने हे शोधून मांडलं होतं. मी बाबांना दाखवलं. त्यांनी मान हलवली, ‘इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं.’

‘बाबा, हे तुमच्या एथिराजचं आहे.’

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग गटावर बँकेच्या पत्रासारख्या इंग्रजीत खुलासा टाकला आणि इस्त्रीवाल्याकडे जाऊन त्या पोराशी मोडक्या हिंदीत गप्पा मारत उभे राहिले, सगळ्यांना दिसेल असे. खुलाशाला चार अंगठे आले. व्हिडिओला सत्तर आले होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात जमावाने मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकरी गोसाव्यांना मारलं, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. ‘आपल्याच गावचे,’ एवढंच म्हणत.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. त्या वर्षीच्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीच्या वेळी फेसबुकने भारतात तथ्यतपासणीची सुरुवात केली, ती बूमला बरोबर घेऊन. म्हणजे आग जिच्या गल्लीत लागते, तीच बंबाचं भाडं देणार. जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेत हा कार्यक्रम गुंडाळायचं जाहीर केलं. बाबांना वाचून दाखवलं.

‘मग यांचा पगार कोण देणार?’ त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस. पहिला प्रश्न तोच असणार. त्या संध्याकाळी त्यांनी जुनी वही कपाटातून काढली, कोरं पान शोधलं आणि मला म्हणाले, ‘त्या इंडियास्पेंडला देणगी कशी पाठवायची, ते बघून सांग.’