भरती संपल्यावरचं मैदान

परतूरसारख्या तालुक्याच्या गावात पहाटे पाचला कोण पळतं, हे कुणीही सांगेल: भरतीची पोरं. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या पोरापोरींइतक्या शिस्तीनं व्यायाम करणारं आपल्याकडे दुसरं कुणी नाही, हे आधी मान्य करू. अडचण पुढे आहे. खुल्या प्रवर्गाचं २८ आणि मागास प्रवर्गाचं ३३ हे वय उलटलं की पळणंही थांबतं. त्याआधी कबड्डी-खोखो दहावीच्या वर्षानं सोडवलेलं असतं. आता पदवीला खेळ आणि योगासाठी श्रेयांक मिळू लागले, तेही गुणच. व्यायाम आपल्या आयुष्यात परीक्षेचं बोट धरून येतो आणि निकालाबरोबर निघून जातो. ज्या चाळिशीत साखर आणि रक्तदाब मागे लागतात, त्या चाळिशीसाठी कुठलीच भरती निघत नाही.

खरं तर शरीराला गुणांची नाही, रोजच्या हालचालीची गरज असते. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, एक दिवसभर बसून, दुसरा जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, ही शंका रास्त होती आणि मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापं काढून ती तपासलीही. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली. पण बारीक अंगाच्या ड्रायव्हरांनाही कंडक्टरांपेक्षा धोका जास्तच होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. रोजची वीस-बावीस मिनिटं झपझप चालणं एवढाच त्याचा हिशेब.

यावर गावाकडचा पहिला आक्षेप ठरलेला: दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायाम कसला शिकवता? बरोबर आहे. तिला विश्रांती आणि नीट मजुरी हवी. तिचे कष्ट त्या १५० मिनिटांच्या कितीतरी पुढे जातात. पण हे तिचं उत्तर आहे. दुकानदार, मास्तर, बँकेतला कारकून आणि बांधापर्यंत मोटारसायकलवर जाणारा शेतकरी यांनी ते उसनं घेऊ नये. उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतोच, म्हणून तर पहाट. सगळ्यांत वजनदार आक्षेप बायकांचा आहे. अंधारा रस्ता, कुत्री, भरधाव ट्रक, आणि रोखून बघणारे डोळे. तिथं इच्छाशक्तीचे सल्ले देणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. तिथं कुंपण असलेली, उजेडाची जागाच लागते. ती जागा तालुक्याच्या गावात शाळा-महाविद्यालयांकडे असते. विद्यार्थ्यांचं मैदान गावाला दिलं तर नासधूस होईल, ही संस्थाचालकांची भीती खोटी नाही. पण नोंदवही आणि एक राखणदार एवढ्यावर ती बरीच आटोक्यात येते.

तेव्हा परतूरच्या शाळा-महाविद्यालयांनी आणि नगरपरिषदेनं एकत्र बसून एवढंच ठरवावं: पहाटे पाच ते सात मैदानाचं फाटक उघडं, दोन दिवे चालू, आणि संध्याकाळचा एक तास फक्त बायकांसाठी.