खाणीवर राबलेले कार्ड

आमच्या डिचोलीत 'मायनिंग' म्हटले की लाल धूळ आणि ट्रकांची रांग डोळ्यांसमोर येते. संगणकातल्या कार्डालाही मायनिंगला जुंपतात, हे मला २०२३ च्या मे महिन्यात मुलाकडून कळले.

बारावी संपली होती. गेम खेळायला त्याला भारी ग्राफिक्स कार्ड हवे होते. पडद्यावरचे चित्र हे कार्ड तयार करते. ते कमजोर असले की चित्र अडखळते, एवढे मी समजून घेतले. पहिली मागणी आरटीएक्स ४०९० ची. किंमत दीड लाखाच्या वर आणि वीज खाणार ४५० वॅट! एवढ्यात माझ्या ट्रकाचे सहाही टायर नवे आले असते.

मग चिरंजीव खाली उतरले. नवे ४०७० बासष्ट हजारांना होते. पेडण्यात एका तरुणाकडे जुने ३०८० मात्र अठ्ठावीस हजारांत मिळत होते. "दोघांची ताकद जवळपास सारखीच, बाबा. मग नवं कशाला?"

"एवढं स्वस्त का देतो तो?" मी विचारले.

तेव्हा ही कथा कळली. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस आकडेमोडीला लावत. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि कार्डे बाजारात आली. आमच्या खाणी बंद पडल्या त्याही सप्टेंबरमध्येच, २०१२ साली. तेव्हा घराघरासमोर ट्रक विकायला उभे होते, आणि प्रत्येकाचा ट्रक म्हणे 'फारसा चाललेलाच नाही'!

आम्ही पेडण्याला गेलो. "फक्त गेमसाठीच वापरलंय," तरुण म्हणाला. मला कार्डातले काय कळणार? पण गाडी बघतात तसे बघितले. पंखा फिरताना कान लावला, तर बेअरिंग घरघरत होते. स्क्रूंवर गंज होता. मुलाने वॅट मोजले: ३०८० ला ३२० लागतात, म्हणजे ७५० चा पॉवर सप्लाय हवा. आमच्याकडचा होता ५५० चा. शिवाय आमचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा, साधा. कार्डाने दीडशे काढली तरी बघणार कुठे?

त्या पोराचा राग मात्र आला नाही.

परतताना कोलवाळच्या पुलावर मुलाने मागून विचारले, "बाबा, आपला ट्रक विकताना तुम्ही खरं सांगितलेलं?"

बेळगावकडचे गिऱ्हाईक होते. रोख घेऊन आले होते आणि बँकेचा हप्ता थकला होता. "गिअरबॉक्सचं नव्हतं सांगितलं," मी म्हटले. म्हापशापर्यंत दोघेही गप्प होतो.

शेवटी नवे ३०६० घेतले, तेवढ्याच पैशांत. १७० वॅटचे, आहे त्या पॉवर सप्लायवर चालणारे, तीन वर्षांच्या वॉरंटीचे. त्याने दोन दिवस तोंड फुगवले, तिसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तरी उठेना. जूनमध्ये वीज जाऊ लागली तेव्हा यूपीएसही घ्यावा लागला. तो खर्च कोणी हिशेबात धरत नाही.

गेल्या वर्षी त्याने ते कार्ड विकायला काढले. जाहिरातीचा मजकूर मला वाचून दाखवला: दोन वर्षे गेमसाठी वापरले, डावा पंखा सुरुवातीला थोडा आवाज करतो.

"किंमत कमी येईल," मी म्हटले.

"येऊ दे," तो म्हणाला.