जाताना खिंड, येताना बोगदा

मनालीहून लाहौलला जायला आता दोन वाटा आहेत. एक डोंगराच्या पोटातून, दुसरी डोंगराच्या माथ्यावरून. पोटातली वाट अटल बोगद्याची. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ती सुरू झाली. नऊ किलोमीटरचं अंतर पाव तासात कापून गाडी पलीकडे उजेडात येते. माथ्यावरची वाट रोहतांग खिंडीची. खिंड ३,९७८ मीटर उंच, मनालीपासून ५१ किलोमीटरवर. आईला तिकडे न्यायचं ठरलं तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे, आणि बेत पक्का होत आलाय: जाताना खिंड, येताना बोगदा.

उलट जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. खिंडीत सकाळीच पोचायला हवं. दुपार कलली की दऱ्यांतून ढग वर चढतात, वारा सुटतो, समोरची शिखरं एकेक करून झाकली जातात. शिवाय हा डोंगर चढतानाच नीट कळतो. आधी देवदारांची गर्द सावली. मग कोठी गाव. तिथे बियास नदी कातळाच्या अरुंद फटीत इतकी खोल उतरलेली असते की दिसत नाही, नुसता तिचा घोष वर येतो. पुढे गुलाबा नावाच्या नाक्यावर परवाना तपासतात. त्याच्या आसपास भूर्जाची झाडं लागतात. खाली पडलेला सालीचा एखादा तुकडा हातात घेऊन पाहावा. बाहेरून पांढरट, आतून फिकट गुलाबी, आणि नख लावलं की पदरापदराने सुटत जाणारा, प्रत्येक पदर कागदाहून पातळ. पूर्वी यावर पोथ्या लिहीत, हे वाचून माहीत असतं. पण तो पदर बोटांत धरला की त्यावर टेकलेला बोरू दिसायला लागतो.

मढीपाशी झाडं संपतात. वर फक्त गवताचे उतार आणि मेंढ्यांच्या पायवाटा. इथल्या ढाब्यावर राजमा-भात खायचा. उंचावर पाणी लवकर उकळतं, खिंडीच्या उंचीला तर ८७ अंशांच्या आसपासच; त्यामुळे डाळ नुसत्या पातेल्यात शिजता शिजत नाही. प्रत्येक ढाब्यातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात त्या यामुळे. आम्ही मात्र दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर नेणारच. आईने ते आधीच जाहीर केलंय.

आईसाठी बेत थोडा जपून करतोय. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी. म्हणून आधी दोन रात्री मनालीत काढायच्या, म्हणजे शरीराला २,०५० मीटरची सवय होते. डॉक्टरांना विचारून झालंय. वर गाडीतून उतरल्यावर झपाझप चालायचं नाही, पाणी घोटघोट पीत राहायचं, डोकं दुखायला लागलं तर हट्ट न करता खाली उतरायचं. कापराची पुडी रुमालात बांधून तिने पर्समध्ये टाकली आहे. कापराने प्राणवायू वाढत नाही हे मी सांगितलं नाही, कारण त्या वासाने तिला धीर येतो आणि डोंगरावर धीरही लागतोच. पलचानच्या पुढे रस्त्याकडेला भाड्याने कोट-बूट देणारी दुकानं आहेत, प्रत्येकावर ठसठशीत नंबर रंगवलेला. तिथे थांबू या म्हटलं तर म्हणाली, "अरे, माझा स्वेटर आहे, कानटोपी आहे. बर्फात लोळायला का चाललोय आपण?"

तिचं खरं आहे. म्हणून तर सप्टेंबरचा शेवट निवडला. मे-जूनमध्ये बर्फ मिळतं, पण त्याबरोबर वाहनांची रांगही मिळते आणि अर्धा दिवस पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघण्यात जातो. जुलै-ऑगस्टमध्ये कुलूच्या बाजूला पाऊस, दरडी. सप्टेंबर सरता सरता आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, गवत पिवळं पडतं आणि रस्ता मोकळा होतो.

मग माथा. तिथे निदान तासभर काहीही ठरवायचं नाही, हे मी बेतात लिहूनच ठेवलंय. रोहतांग ही नुसती उंच जागा नव्हे, ती पाणलोटाची रेघ आहे. अलीकडे कुंडाशी बियासचा उगम मानतात. ते पाणी कुलूकडे उतरून पुढे सतलजला मिळतं. पलीकडच्या उतारावरचं पाणी चंद्रा नदीत जातं आणि पुढे चिनाब होतं. पाठीला पाठ लावून निघालेले हे दोन प्रवाह शेकडो किलोमीटर वेगवेगळ्या मुलखांतून फिरून पार पाकिस्तानात पंजनदला पुन्हा एकमेकांना भेटतात. आणि रेघ फक्त पाण्याची नाही. मागे वळलं की हिरवी दरी. पुढे पाहिलं की उघडे तपकिरी डोंगर आणि त्यांच्या खांद्यांवर हिमनद्या. पावसाळी ढग बहुतेक सगळे अलीकडेच रिते होतात. महाबळेश्वरच्या धुवाधार पावसातून वाईकडे उतरताना आपण जे पाहतो तेच, पण इथे एका वळणात, आणि कितीतरी कठोर.

पलीकडचा उतार ग्राम्फूला पोचतो. तिथून एक फाटा स्पितीला जातो, आपण कोकसरकडे वळायचं. चंद्रेच्या काठी बसायचं ते इथे. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड वाहून आणल्यामुळे तिचं पाणी राखाडी दिसतं. पुढे तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो आणि तिथून ती चंद्रभागा. पंढरीची वारी केलेल्या आईने हे ऐकल्यावर नकाशावर तांदी शोधून काढलं. पण तिथवर गेलो तर परतायला रात्र होईल आणि तिचा जीव दमेल. मी कसं सांगावं या विचारात असताना तीच म्हणाली, "राहू दे. अर्धी तरी भेटेल ना? मी तिथेच हात जोडीन."

तांदी गळलं. सिस्सू मात्र ठेवलंय. तिथे बटाट्याची काढणी चालू असेल, विलोची झाडं पिवळी पडली असतील, आणि नदीपल्याडच्या कड्यावरून धबधबा उतरत असेल.

परतीला बोगदा, आणि तोही मान ठेवून. हा बोगदा होण्याआधी लाहौल वर्षातले जवळजवळ सहा महिने बर्फामुळे तुटलेला असे. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे, आणि ते हवामानावर. खणताना सेरी नाल्याखालच्या भुसभुशीत, पाणी झिरपणाऱ्या खडकाने कामाला वर्षानुवर्षं अडवलं. सीमा रस्ते संघटनेच्या अभियंत्यांनी आणि दूरदूरहून आलेल्या मजुरांनी तो पट्टा पार केला. तिथल्या माणसांसाठी तो पाव तास फार मोलाचा आहे. आपल्याला कसलीच घाई नाही, आपण वरून जावं.

तुम्ही जाणार असाल तर मंगळवार सोडा. त्या दिवशी दुरुस्तीसाठी खिंड पर्यटकांना बंद असते. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे रोज ठरावीक गाड्यांनाच परवाना मिळतो, तो आधी काढून ठेवा. पहाटेच निघा. आणि खिंडीत प्लास्टिकचा एक कपटासुद्धा टाकू नका, कारण तिथून उतरणारं पाणी खालची गावं पितात.