आमचा विषय

धुळे-जळगावच्या मोहल्ल्यांतून आम्ही एम.ए.ला आलो, तेव्हा घरात पुस्तकांचे कपाट नव्हते. कुणाचे अब्बा यंत्रमागावर, कुणाचे केळीच्या हातगाडीवर. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला विद्यापीठ झाले नसते, तर आम्हाला, त्यातही आमच्या बहिणींना, पुण्याला कोण पाठवणार होते? 2018 साली त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. शाळेत न गेलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला, हे ऐकून आमच्या अम्मी हसल्या आणि मग गप्प झाल्या.

विषय आम्ही घराजवळचेच निवडले. कुणी थाळनेरच्या फारुकी कबरी, कुणी यावल-रावेरकडचे तडवी, कुणी यंत्रमाग कामगार. “मुसलमान असून मराठीत पीएच.डी.?” असे विचारणारे भेटलेच. घरात दखनी, बाजारात अहिराणी आणि प्रबंध मराठीत. आम्हाला त्यात वेगळे काही वाटले नव्हते.

2009 पासूनच्या मौलाना आझाद फेलोशिपने काहींना हात दिला. 2022-23 पासून ती नव्यांसाठी बंद झाली. प्राध्यापक व्हायचे होते. वाट्याला तासिका तत्त्व आले. अब्बा अजून विचारतात, “पक्की कब होगी?”

परवा मोहल्ल्यातली एक मुलगी विचारू लागली, “मी करू का पीएच.डी.?” आम्हाला पटकन हो म्हणता येईना. तिचा विषय होता आजीच्या ओव्या.

आम्ही म्हणालो, “नोकरीचे सांगता येत नाही. पण आजी आहे तोवर लिहून घे.”