मागचा आवाज

भाऊबीज आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडई भरू लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई मुद्दाम येतात, जिलेबीच्या कढया चढतात, आणि गर्दीच्या मधोमध खडी गंमत रंगते. आमचे चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचे गाव. पण मंडईच्या दिवशी खाणीतला माणूसही धुतलेल्या कपड्यांत असा काही मिरवतो की ओळखू येऊ नये.

ज्यांनी खडी गंमत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला रंगमंच नाही, पडदा नाही. शाहीर, बाईचे सोंग घेतलेला नाच्या, डफ, ढोलकी, तुणतुणे, सारे उभ्याउभ्याच. 'खडी' हे नाव त्यावरूनच. माझे बाबा अशा एका फडात झीलकरी होते. शाहिराने ओळ टाकली की मागून ती उचलायची आणि त्याने दम घेईपर्यंत वर तोलून धरायची, हे त्यांचे काम. शाळेत सोबती विचारीत, "तुझे बाबा गमतीत काय होतात रे?" कुणाचा बाप राजा होई, कुणाचा प्रधान. मी खाली बघून सांगे, "मागे उभे राहतात."

पुढे मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, दोन कादंबऱ्या लिहून बसलो, आणि माझा संकोच शहाणा होण्याऐवजी वाढतच गेला. एका मंडईला फडातला दुसरा झीलकरी तापाने पडला. बाबा दारात येऊन म्हणाले, "मास्तर, येतोस का आज? ओळी तुले पाठच हायेत."

पाठ होत्या. लहानपणी त्या ऐकतच झोपलो होतो. पण मी म्हणालो, "समोर मुलांचे पालक बसलेले असतात. बरे दिसत नाही."

ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी एकट्याने झील धरता धरता त्यांचा आवाज फाटला आणि पुन्हा पूर्वीसारखा लागला नाही. वय झाले, असे सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. सोयीचे होते.

त्यानंतर काही वर्षांनी नागपूरला एका स्नेह्याकडे 'घाशीराम कोतवाल'चे जुने चित्रण पाहण्याचा योग आला. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले गेले, तेव्हा ती मंडळी बाहेर पडली. १९७३ साली त्यांनी थिएटर अकॅडमी नावाची स्वतःची संस्था काढली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभे केले.

एवढे मला ऐकून ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती माणसांची रांग. ती गात होती, डुलत होती. पाठ फिरवली की तिचाच पडदा होत होता. मी सावरून बसलो. ही तर आमची मागची ओळ!

स्नेही संगीताचा दर्दी. तो म्हणाला, "पश्चिमेकडेही हेच. मोठा ऑपेरा म्हटला की वाद्यांचा ताफा लागतो. पण १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी आपल्या नाटकातली गाणी सात वादकांवर भागवली." त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला, आणि १९७८ साली तो रंगभूमीवर आणला याच थिएटर अकॅडमीने. नवे काही करू पाहणाऱ्या लहान संस्थेजवळ पैसा थोडा, सामान थोडे. तिचा सारा भार मागे उभे राहणाऱ्यांवर.

तो बोलत होता आणि मला दारात उभे असलेले बाबा दिसत होते.

घरी आल्यावर मी त्यांना सगळे सांगितले. ती रांग, ते एकोणीस प्रयोग, ते सात वादक. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "मंग, पुन्याच्या त्या लोकायलेही कोनी बसा म्हनलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

"असंच असते," ते म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले. त्या दिवशीचा माझा नकार त्यांच्या ध्यानात होता की नाही, हे मी विचारले नाही. तेवढे धैर्य मला अजून आलेले नाही.

गेल्या मंडईला मी फडात उभा राहिलो. बाबा पहिल्या रांगेत घोंगडीवर बसले होते; माझ्या वर्गातली पोरे त्यांच्या आजूबाजूला. शाहिराने ओळ टाकली, मी उचलली. पोरे आधी खिदळली, मग त्यांनी ठेका धरला. दोन तासांत पायांचे लाकूड झाले. चाळीस वर्षे बाबा हे कसे करीत असतील?

गंमत संपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. वाटले, आता पाठीवर हात ठेवतील.

"तिसऱ्या ओळीले लवकर सोडलंस," ते म्हणाले. "शायराचा दम भरला नव्हता अजून."

या वर्षीची मंडई तोंडावर आली आहे. तिसरी ओळ मी रोज घोकतो आहे.